धागा: सांगितलं, समजलं, तरी गोळी बंद. आरोग्याचा निरोप नेमका कुठे अडतो?

कागदपेन

माझं काम आरोग्यविषयक पत्रकं आणि सूचनापत्रं लिहिण्याचं. पंधरा वर्षं झाली. सध्या हातात एक पत्रक आहे, रक्तदाबाच्या गोळ्या मध्येच सोडून देणाऱ्यांसाठी. खर्डा असा आहे:

«उच्च रक्तदाब हा छुपा मारेकरी आहे. दुर्लक्ष केल्यास पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, मूत्रपिंड निकामी होणे असे गंभीर परिणाम होऊ शकतात. औषधे नियमित घ्यावीत. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय औषध बंद करू नये.»

यात चूक एकही नाही. तज्ज्ञांनी वाचून मंजुरी दिली आहे. तरी मला हे छपाईला पाठवायचा धीर होत नाहीये, आणि त्याचं कारण माझे वडील आहेत.

गेल्या वर्षी ते रुग्णालयातून घरी आले. चिठ्ठीवर एका औषधापुढे लिहिलं होतं, 'दोन गोळ्या, दिवसातून दोन वेळा'. वाचून दाखवलं गेलं, 'समजलं ना?' असं विचारलं गेलं. बाबा 'हो' म्हणाले, शेजारी उभी असलेली मीही 'हो' म्हणाले. अकरा दिवसांनी नवीन गोळ्या आणायच्या म्हणून पाकीट उघडलं. ४४ संपायला हव्या होत्या, संपल्या होत्या २२. सकाळी एक, रात्री एक. "दोन वेळा मिळून दोन, असंच लिहिलंय की," बाबा म्हणाले, आणि चिठ्ठी पुन्हा वाचून दाखवली. अगदी बरोबर वाचली. आयुष्यभर हिशेबाच्या वह्या लिहिलेला माणूस आहे.

नंतर वाचनात आलं की हे रीतसर तपासून झालेलं आहे. २००६ साली अमेरिकेत ३९५ रुग्णांना औषधाच्या बाटल्यांवरच्या सूचना वाचायला दिल्या होत्या. त्यातली एक अगदी हीच होती. ज्यांना वाचन जेमतेम जमत होतं त्यांच्यातल्या ७१ टक्के लोकांनी ती सूचना नीट सांगितली. मग त्यांच्यापुढे गोळ्या ठेवून 'दिवसभरात किती घ्याल ते काढून दाखवा' म्हटलं, तेव्हा ३५ टक्क्यांनाच ते जमलं. वाचता येणं आणि करता येणं यांच्यात एवढी मोठी दरी, आणि आम्ही पत्रकवाले वाचता येण्यावरच समाधान मानतो.

या क्षेत्रातलं सगळ्यात ओळखीचं मॉडेल म्हणजे आरोग्य-विश्वास प्रारूप. तेही अशाच एका अडचणीतून निघालं. १९५० च्या दशकात अमेरिकेत क्षयरोग शोधायला छातीचा एक्सरे फुकट काढून देणाऱ्या गाड्या वस्त्यांपर्यंत जायच्या, तरी लोक येत नव्हते. सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या हॉकबाम, रोझेनस्टॉक वगैरे सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी आलेल्या आणि न आलेल्या, दोन्ही लोकांच्या मनात काय होतं हे विचारलं. 'हा रोग मलाही होऊ शकतो' आणि 'लवकर कळलं तर फायदा आहे' या दोन्ही गोष्टी ज्यांना पटल्या होत्या त्यांच्यापैकी ८२ टक्के लोकांनी स्वतःहून एक्सरे काढून घेतला होता. दोन्ही न पटलेल्यांत हे प्रमाण २१ टक्के होतं. पुढे त्यात रोगाचं गांभीर्य, वाटेतले अडथळे आणि कृतीला लावणारा धक्का यांची भर पडली. १९८८ साली 'हे मला जमेल' हा आत्मविश्वासही आला, जो मानसशास्त्रज्ञ बांडुरा यांनी १९७७ साली मांडला होता.

माझा खर्डा या चौकटीत ठेवून पाहिला. भरलेला रकाना एकच, गांभीर्याचा. बाकी सगळे कोरे, म्हणजे हे पत्रक नुसतं घाबरवतं. तुम्ही हे पत्रक कसं लिहाल?

रात्रपाळी

फार जवळचा विषय काढलात. मी परिचारिका आहे.

'समजलं ना?' या प्रश्नाला 'हो' याशिवाय दुसरं उत्तर नसतं हो. 'नाही' म्हणायचं तर चारचौघांत आपण अडाणी ठरू असं वाटतं. मी तो प्रश्न विचारणं सोडलं, ते एका आजोबांमुळे. दम्याचा पंप कसा घ्यायचा ते त्यांना तीन वेळा सांगून झालं होतं, तिन्ही वेळा त्यांनी मान हलवली होती. चौथ्यांदा मी म्हटलं, "आजोबा, आत्ता एकदा घेऊन दाखवा बरं माझ्यासमोर." त्यांनी पंप तोंडाशी धरला, दाबला, आणि मग श्वास घेतला. पांढरा फवारा ओठांतून बाहेर येताना मला दिसला. औषध जिभेवर आणि हवेत. छातीत काहीच नाही. तीन महिने ते असंच घेत होते आणि औषध लागू पडत नाही म्हणून जास्त डोस लिहून दिला जात होता.

आता मी म्हणते, "मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर मुलीला कसं सांगाल, ते मला सांगा." परीक्षा माझी, त्यांची नाही, हे त्या वाक्यात यावं लागतं. नाहीतर तीच उलटतपासणी होते.

ओपीडीतला

रात्रपाळी, तुमचं शंभर टक्के खरं. २००३ चा एक अभ्यास आमच्या वर्गात वाचून दाखवला होता. मधुमेही रुग्णांच्या भेटी ध्वनिमुद्रित करून पाहिलं, तर डॉक्टरांनी रुग्णाला काय कळलं ते तपासून पाहिल्याच्या भेटी पाचातली एक. जिथे तपासलं गेलं होतं तिथे रुग्णांची साखरही जास्त आटोक्यात होती.

पण आमची बाजूही लिहितो. बाहेर चाळीस माणसं बसलेली असताना प्रत्येकाकडून परत सांगून घेणं होत नाही. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल यांनी मोजलं होतं, रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडतात. मी स्वतःचं घड्याळ लावून पाहिलं आणि मला ते आकडे खोटे म्हणता आले नाहीत. त्यातून सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के गोष्टी रुग्ण लगेच विसरतात. म्हणून मी एक बदल केला. पाच गोष्टी सांगायच्या सोडून एकच सांगतो, सगळ्यात महत्त्वाची, आणि ती सुरुवातीला. तेवढीच परत म्हणवून घेतो. अर्धा मिनिट लागतो.

ठिपका

मला वाटतं भीतीला उगाच नावं ठेवताय. मी सिगरेट सोडली ती पाकिटावरच्या चित्रामुळे. गोड गोड लिहून कुणी काही सोडत नाही. 'छुपा मारेकरी' राहू द्या.

उंबरठा

ठिपका, तुमचा अनुभव खरा आहे आणि सिगरेट सोडलीत याचा मनापासून आनंद झाला. पण भीतीचं गणित थोडं वेगळं आहे. मी हा विषय शिकवते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

१९६५ साली लेव्हेंथल आणि सहकाऱ्यांनी येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना धनुर्वाताची लस घ्यायला सांगणारी पुस्तिका दिली. काहींच्या पुस्तिकेत अंगावर काटा येईल अशी वर्णनं आणि चित्रं, काहींची साधी. घाबरलेल्या मुलांनी 'नक्की घेणार' असं जास्त सांगितलं. प्रत्यक्ष लस घेण्यात मात्र जास्त भीती आणि कमी भीती यांत फरक पडला नाही. फरक पडला तो एका वेगळ्याच कागदाने. काही मुलांना परिसराचा नकाशा दिला होता, आरोग्य केंद्राभोवती गोल काढलेला, लस मिळण्याच्या वेळा लिहिलेल्या, आणि आपल्या आठवड्यात कधी जमेल ते ठरवा असं सांगितलेलं. त्यांच्यापैकी सुमारे २८ टक्के गेले. तो कागद न मिळालेल्यांपैकी सुमारे ३ टक्के. शेवटच्या वर्षाची मुलं होती, केंद्र कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं असं थोडंच आहे!

ठिपका यांच्या बाजूचं एक इथेच सांगायला हवं. धोक्याबद्दल काहीच न वाचता नुसता नकाशा मिळालेल्यांपैकी कुणीच गेलं नाही. म्हणजे थोडी भीती लागते. ती दार उघडते, पण आत जायची पायरी वेगळी बांधावी लागते.

१९९२ साली किम विटे यांनी हे सूत्रात मांडलं. धोका मोठा वाटला की माणूस दोनपैकी एक करतो. 'यावर मला काही करता येईल' असं वाटलं तर धोका आवरायला लागतो. तसं वाटलं नाही तर भीती आवरायला लागतो, म्हणजे पान उलटतो, विषय बदलतो, 'हे सगळं घाबरवायला लिहितात' म्हणतो. ज्याच्या हाती उपाय नाही त्याला जास्त घाबरवलं की तो जास्त जोरात पाठ फिरवतो.

हे कागदावरचं राहत नाही. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला तेव्हा सुरुवातीच्या बऱ्याच संदेशांचा भर 'हा रोग जीव घेतो, यावर औषध नाही' यावर होता. लोकांनी त्याचा सरळ अर्थ लावला: औषधच नाही तर माणसाला केंद्रात कशाला न्यायचं? मरायचंच असेल तर घरी, आपल्या माणसांत. रुग्ण लपवले गेले. पुढे 'लवकर आलात तर वाचण्याची शक्यता वाढते' असं सांगितलं जाऊ लागलं. अंत्यविधींबाबत जागतिक आरोग्य संघटनेने त्या वर्षी नोव्हेंबरात धार्मिक संस्थांना बरोबर घेऊन जी नियमावली काढली, तिच्या नावातच 'सुरक्षित' आणि 'सन्मानपूर्वक' हे दोन शब्द शेजारी होते. आधी लोकांना फक्त पहिला ऐकू येत होता.

बाह्यरुग्ण

मी तोच माणूस आहे ज्याच्यासाठी हे पत्रक लिहिताय. दोनदा गोळी बंद केली. का ते सांगतो, उपयोग झाला तर बघा.

पहिल्यांदा बंद केली कारण बरं वाटत होतं. खरं तर आधीही बरंच वाटत होतं, रक्तदाब दुसऱ्याच तपासणीत निघाला होता. काही दुखत नव्हतं, गोळी घेतल्यावरही काही दुखत नव्हतं. मग ही नेमकी काय करतेय? पण हेही सांगतो, मला रक्तदाब 'कळायचा'. मान जड झाली, कानशिलं तापली की समजायचं आज चढलाय. त्या दिवशी घ्यायचो. बाकीचे दिवस सोडायचो. मला हे अगदी शहाणपणाचं वाटत होतं, विनाकारण औषध पोटात जात नाही म्हणून.

दुसऱ्यांदा बंद केली कारण संध्याकाळी घोटे सुजायचे. मोज्याच्या इलॅस्टिकची खूण बोट जाईल एवढी खोल. गोळीमुळे असेल असं वाटलं, पण डॉक्टरांना सांगायचं म्हणजे 'बंद केलीत का?' हा प्रश्न येणार. तो टाळायला मी तपासणीलाच जाणं टाळलं. आठ महिने.

तुमच्या खर्ड्यातलं प्रत्येक वाक्य मला तेव्हा माहीत होतं.

उंबरठा

बाह्यरुग्ण, इतकं मोकळेपणी लिहिल्याबद्दल आभार. तुम्ही जे केलंत त्यावर अभ्यास आहे आणि तो त्याच लेव्हेंथल यांच्या गटाचा आहे. १९८५ साली त्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना विचारलं, 'रक्तदाब वाढला की माणसाला कळतं का?' बहुतेक जण म्हणाले, नाही कळत. डॉक्टरांकडून ऐकलेलं होतं. मग विचारलं, 'तुम्हाला कळतं का?' त्याच लोकांपैकी बहुतेक जण म्हणाले, हो, मला कळतं. डोकं दुखतं, चेहरा गरम होतो. आणि आपली लक्षणं औषधाने कमी होतात असं ज्यांना वाटत होतं तेच औषध जास्त नेमाने घेत होते.

निरोप पोचला होता, पटलाही होता, पण दुसऱ्यांच्या शरीराबद्दल. आपल्या शरीराबद्दल माणसाचं स्वतःचं एक शास्त्र असतं: आजार म्हणजे काहीतरी जाणवणं, बरं म्हणजे न जाणवणं. पत्रक त्या शास्त्राशी बोललं नाही तर ते शेजाऱ्यासाठी लिहिलेलं पत्रक होतं.

ओपीडीतला

बाह्यरुग्ण यांची पोस्ट दोनदा वाचली. घोट्यांवरची सूज ही रक्तदाबाच्या काही गोळ्यांची अगदी ओळखीची तक्रार आहे. काहींनी कोरडा खोकला येतो, काहींनी उभं राहताना चक्कर. बहुतेक वेळा गोळी किंवा मात्रा बदलता येते. दोन मिनिटांचं काम. त्यासाठी आठ महिने गेले, आणि 'बंद केलीत का?' हे मी ज्या आवाजात विचारतो तो आवाज मला आत्ता ऐकू आला. आता 'गेल्या आठवड्यात किती वेळा राहिली गोळी?' असं विचारून बघतो. राहतेच, हे धरून.

पत्रकात एक भर घाला: काही गोळ्या एकदम थांबवल्या तर रक्तदाब उसळी घेतो. ते धमकीसारखं नको, माहिती म्हणून यावं.

अपूर्णांक

आकडे घालणार असाल तर एक विनंती. 'धोका दुप्पट होतो' असं लिहू नका, किती जणांत किती ते लिहा. १९९५ साली ब्रिटनमध्ये औषध सुरक्षेच्या समितीने इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. प्रत्यक्षात तो ७,००० स्त्रियांत एकीवरून दोघींवर गेला होता. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले असा अंदाज आहे. गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो. इशारा खोटा नव्हता, पण 'कशाच्या दुप्पट' हे त्यात नव्हतं.

डॉक्टरही याला अपवाद नाहीत. १९८२ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या शस्त्रक्रियेचे तेच आकडे 'इतके जगतात' असे दिले तेव्हा जास्त जणांनी शस्त्रक्रिया निवडली, 'इतके दगावतात' असे दिले तेव्हा कमी जणांनी. त्यात डॉक्टरही होते.

पायवाट

थोडं अवांतर: शब्दांचंही बघा. 'रिपोर्ट निगेटिव्ह आला' म्हटल्यावर रडायला लागलेली बाई मी पाहिली आहे. आपल्या बोलण्यात निगेटिव्ह म्हणजे वाईटच. 'उपाशीपोटी या' म्हटलं की कुणी पाणीसुद्धा पीत नाही आणि कुणी सकाळची गोळीही सोडून येतो. 'पाणी चालेल' एवढे दोन शब्द जोडले तर काय बिघडतं?

आणि एक टोचणारं. प्रारूपं, चौकटी सगळं ठीक, पण जिथे गोळ्याच मिळत नाहीत किंवा तपासणीची वेळ नेमकी कामाच्या वेळेत असते तिथे पत्रक काय करणार? अडथळा माणसाच्या मनात नसतो, दाराला कुलूप असतं.

कागदपेन

पायवाट, मान्य. पत्रकाने कुलूप उघडत नाही. म्हणून तपासणीची वेळ छापण्याआधी ती बदलता येईल का हे विचारायचं मी ठरवलंय. पत्रक लिहिणाऱ्याने हे विचारायचं नसतं असं मला आजवर वाटत होतं.

सगळ्यांचं वाचून पुन्हा लिहिलं:

«बरं वाटतंय, मग गोळी कशाला? असं पुष्कळांना वाटतं, आणि ते गोळी बंद करतात.

रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काहीही जाणवत नाही. तुम्हालाही नाही. मान जड झाली म्हणजे तो वाढला असं नाही, हलकी आहे म्हणजे ठीक आहे असंही नाही. तो मोजूनच कळतो.

गोळी त्याला आवरून धरते. काही गोळ्या एकदम थांबवल्या तर तो उसळतो.

पाय सुजतात? खोकला येतो? चक्कर येते? तपासणीला या आणि सांगा. गोळी बदलता येते. मध्ये बंद केली असेल तरी या.

मी रोज गोळी घेईन, ______ झाल्यावर.
माझी पुढची तपासणी: वार ____ वेळ ____»

उंबरठा

किती वेगळं झालं! 'मध्ये बंद केली असेल तरी या' हे वाक्य सगळ्यात मोलाचं.

पहिल्या ओळीतला शेवट मात्र काढा. 'पुष्कळ जण बंद करतात' वाचून 'चला, मी एकटा नाही' असं वाटतं आणि बंद करणं हीच रीत ठरते. अमेरिकेत १९९८ ते २००४ दरम्यान तरुणांसाठी अमली पदार्थांविरुद्ध प्रचंड मोठी जाहिरात मोहीम झाली. मूल्यमापनात फायदा दिसला नाही, उलट काही बाबतीत जाहिराती जास्त पाहिलेल्या मुलांचा कल गांजाकडे वाढल्याच्या खुणा दिसल्या. 'एवढ्या जाहिराती आहेत म्हणजे सगळेच घेत असणार' असं मुलांना वाटलं असावं, हे त्याचं एक स्पष्टीकरण. 'असं पुष्कळांना वाटतं' एवढं पुरे. वाटणं चालेल, करणं नको.

ती रिकामी जागा मात्र अजिबात काढू देऊ नका. 'अमुक झालं की तमुक करेन' असा जोड स्वतः घातला की कृती घडण्याची शक्यता वाढते, हे मानसशास्त्रज्ञ गोलवित्झर यांनी १९९९ साली सविस्तर मांडलं आहे. १९६५ च्या नकाशाचंच हे पुढचं घर.

बाह्यरुग्ण

'तुम्हालाही नाही' वाचून जरा चिडलो. मग मोजायचं यंत्र काढलं. मान जड होती, रक्तदाब ठीक निघाला. ते वाक्य राहू द्या.

ठिपका

'मारेकरी' गेला तरी चालेल. मला आता आठवतंय, चित्र बघून मी आधी पाकीट उलटं ठेवायचो. सुटली ती मित्राने 'जेव्हा हुक्की येईल तेव्हा मला फोन कर' म्हटल्यावर.

कागदपेन

पहिली ओळ दुरुस्त केली. काल रात्री कागद बाबांपुढे ठेवला आणि काही न सांगता पेन दिलं. रात्रपाळी, 'समजलं ना?' विचारलं नाही. त्यांनी सावकाश वाचलं. रिकाम्या जागेत लिहिलं, 'दात घासून'. मग पेन तसंच धरून बसले.

"काय झालं?" म्हटलं.

"रात्रीची पण एक असते ना? ती कुठे लिहू?"

पाच जणांनी वाचलेला, मी सात वेळा सुधारलेला कागद, आणि रेघ एकच होती. आता दोन केल्या आहेत, 'सकाळी' आणि 'रात्री' असं आधी छापून. ज्यांना एकच गोळी आहे ते दुसऱ्या रेघेचं काय करतील हे अजून कळत नाहीये. उद्या रात्रपाळींच्या विभागात चार जणांना पेन देऊन बघायचं ठरलंय.

रात्रपाळी

पाच पेनं आणा. एक नेहमी चालत नाही. आणि अक्षर थोडं मोठं करा, माझ्याकडचे दोघे मोतीबिंदूचे आहेत.